कानाने कसलेलं पातं

चौथं पातं तुटलं तेव्हा कडुबा मिस्त्रीने शिवी दिली नाही, हीच नवलाची गोष्ट. पहिली तीन तुटली तेव्हा दिली होती, आणि अशी सणसणीत, की शेजारच्या घरातल्या रिटायर गुरुजींनी खिडकी लावून घेतली. चौथ्याला मात्र त्याने नुसतं बटण बंद केलं, चाकं थांबेपर्यंत उभा राहिला आणि झाकण उघडून आत वेटोळं होऊन पडलेलं पातं दोन बोटांनी उचललं. तुटलं होतं ते पुन्हा जोडावरच. टेबलावर सागवानाची जाड फळी अर्धी कापून अडकली होती. तिच्यावरची पेन्सिलीची रेघ उजवीकडे वळत होती आणि पात्याची फट रुसून माहेरी निघालेल्या सुनेसारखी खुशाल डावीकडे गेली होती.

बँडसॉ म्हणजे काही मोठं गौडबंगाल नाही. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारं दातेरी पोलादी पट्टीचं पातं, आणि मधे लाकूड ठेवायचं टेबल. सरळ कापायला करवत कुठलीही चालते, पण वळण कापायचं तर हेच मशीन लागतं. कडुबाने चिकलठाण्याच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्न करण्यात घातली. पॅटर्न म्हणजे लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी लाकडात केलेला हुबेहूब देह. कंपनीने ते खातं बंद केलं तेव्हा बाकीच्यांनी हिशोबाचे पैसे घेतले, कडुबाने भंगारात निघालेला हा ओतीव लोखंडाचा बँडसॉ घेतला. टेम्पोत घालून हर्सूलला घरी आणला आणि जिथे लोक गाडी लावतात तिथे पत्र्याची शेड ठोकून उभा केला. त्याची बायको चंपाबाई तेव्हा म्हणाली होती, "लोकं रिटायर झाल्यावर तीर्थाला जात्यात, तुमी राक्षस आणला." पुढे वीस वर्षं त्याच राक्षसाशेजारी पोतं टाकून ती बसली. हा कापायचा, ती पॉलिश पेपरने घासायची. घराचा वरचा मजला त्या दोघांनी असाच कापून आणि घासून बांधला.

आता ती आतल्या खाटेवर होती. नोव्हेंबरात तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातल्या तनुजा मॅडम, ज्या अशा पेशंटांना पुन्हा बोलायला शिकवतात, त्यांनी पहिल्याच दिवशी कडुबाला समोर बसवून बजावलं होतं, "काका, पहिले सहा महिने सोन्याचे. जे यायचं ते बहुतेक यातच येतं. आडवं पडून आवाज फुटत नाही, त्यांना रोज सरळ बसवा. आणि त्यांनी बारीकसा जरी आवाज काढला तरी लगेच ओ द्या. ओ मिळाली नाही की माणूस बोलायचं सोडून देतं."

कडुबाने हे वाक्य मनात कोरून ठेवलं. ओ द्यायला तो एका पायावर तयार होता, पण आवाज तर निघायला हवा. पाच महिने झाले, चंपाबाई गप्प. दवाखान्यात नेली की वाकडं झालेलं तोंड पदराने झाकून घ्यायची आणि मॅडमने कितीही चुचकारलं तरी मान खाली. मग मॅडम याला विचारायच्या, घरी काही बोलतात का? आणि हा खरं तेच सांगायचा, "नाय मॅडम. हूं नाय का चूं नाय."

गेल्या आठवड्यात मॅडमने फाइल मिटली. म्हणाल्या, घरीसुद्धा काहीच आवाज नाही म्हणता, तर बोलण्याचा व्यायाम आता थांबवू, हातापायाचा चालू ठेवू. कडुबा हात जोडून उभा राहिला. "मॅडम, मी खुर्ची करतोय तिच्यासाठी. तिच्यात सरळ बसू द्या तिला, मग बघा. एवढा म्हैना द्या." मॅडमने महिना दिला. त्यातले नऊ दिवस या चार पात्यांनी खाल्ले होते.

खुर्चीचं कारण खरंच होतं. दुकानातल्या तयार खुर्च्यांत चंपाबाई बसवली की हळूहळू उजवीकडे ओघळायची आणि दहा मिनिटांत अर्धी बाहेर. उशा लावून पाहिल्या, ओढणीने बांधून पाहिलं. बांधल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कडुबाने ओढणी सोडली ती पुन्हा हातात घेतली नाही. मग त्यातला पॅटर्नवाला जागा झाला. त्याने पुठ्ठ्याचे तुकडे कापून तिच्या अंगाला लावून पाहिले, कुशीचं वळण, काखेचं वळण, मांडीचा उतार, सगळं रेघून घेतलं. जे अंग ओघळतं त्याला तंतोतंत झेलेल अशी बाजू करायची, आणि ती करायची दोन इंची सागवानात. वळणं कापली की काम फत्ते. पण वळणं कापणार ते हे मशीन, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कडुबाने जन्मभर हाताखालच्या पोरांना ऐकवली होती. त्यामुळे पहिलं पातं तुटलं तेव्हा त्याने आधी आपलंच काम तपासलं. फळी जोरात रेटली का? नाही. दात बोथट होते का? नाही, नवे कोरे. मग मात्र तो मशीनच्या मागे लागला. दोन्ही चाकांवर चढवलेल्या रबराच्या पट्ट्यांना भुशाचा आणि डिंकाचा थर धरला होता, तो त्याने रॉकेलच्या फडक्याने आणि लाकडी पाचरीने खरवडून काढला. वरचं आणि खालचं चाक एका रेषेत आहेत का, ते लांब पट्टी टेकवून पाहिलं. होती, केसाचाही फरक नव्हता. पात्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे ठोकळे त्याने सोडून पुन्हा बसवले, फटीत वर्तमानपत्राच्या कागदाचा कपटा घालून, म्हणजे कागद सुटावा पण पातं हलू नये. मागची बेअरिंग खोलून धुतली. टेबल गुण्या लावून पात्याशी काटकोनात आणलं. एवढी उठाठेव करून दुसरं पातं चढवलं, तर ते विटीएवढं लाकूड कापून फटकन तुटलं आणि त्याच्या मनगटाला ओरखडा देऊन गेलं.

तिसऱ्याला त्याने वरचं चाक किंचित कलतं केलं, कारण पातं चाकाच्या कडेला सरकत होतं. चौथ्याला पुन्हा सरळ केलं. जे जे त्याच्या हाताखाली येत होतं ते बिनदोष निघत होतं, आणि बिनदोष माणसांच्या घरात चोरी व्हावी तसं पातं तुटत होतं.

एक गोष्ट मात्र त्याने तपासली नाही, कारण ती तपासायची असते हेच त्याला कधी वाटलं नव्हतं. पात्याला ताण किती द्यायचा, ही ती गोष्ट. फाउंड्रीत त्याला हे काम शिकवलं गफूर मिस्त्रीने. मशीनवर ताण दाखवायचा काटा होता, पण गफूर मिस्त्री त्याच्याकडे ढुंकून पाहत नसे. म्हणायचा, "गेज झूट बोलता रे कडुबा, पट्टा झूट नै बोलता. कान लगा." मग हँडल थोडं फिरवायचं आणि पात्याला बोटाने टिचकी मारायची. ढिलं असेल तर भद् असा मेलेला आवाज येतो. फिरवत जावं, टिचकी मारत जावं, आणि एका जागी पातं स्वच्छ बोलतं, टण्. तिथे थांबायचं. त्या खात्यातले सगळे मिस्त्री असंच कानाने पातं कसायचे आणि काट्यावर कसणाऱ्याला कच्चा समजायचे. कडुबाने घरी आणल्यावर मशीनचा तो काटा काढूनच टाकला होता, उगाच भुसा धरतो म्हणून.

घरी त्याच्या जोडीला चंपाबाईचा कान होता. ती घासत बसलेली, हा हँडल फिरवतोय, टिचकी मारतोय, आणि नेमक्या जागी ती मान वर न करता म्हणायची, "बास." तिचं बास आणि त्याचा हात एकदमच थांबायचे. पुढे पुढे तर तोच तिच्या बासवर थांबायला लागला. चारचौघांत कबूल केलं नसतं, पण तिला म्हणायचा, "नाव माझं मिस्त्री, कान तुझा."

आता हे बास नव्हतं. तो एकटाच टिचकी मारायचा आणि पातं म्हणायचं भद्. अजून थोडं फिरवलं, भद्. अजून एक आटा, भद्. टण् काही येईना. पातं नव्या पोलादाचं आहे, हल्लीचा माल असलाच, असं म्हणून तो हँडलला लोंबकळून आणखी फिरवायचा.

चंपाबाईची खाट आधी त्याने शेडच्या दारासमोरच लावली होती, काम करता करता तिच्याकडे लक्ष राहावं म्हणून. पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. याने पात्याला टिचकी मारली की ती डाव्या हाताने खाटेची पट्टी बडवायची. चेहरा लाल व्हायचा, तोंड आणखी वाकडं व्हायचं, डोळे याच्यावर रोखलेले. कडुबाला वाईट वाटलं. आधीच जीव नकोसा झालेला, त्यात ही आपली खटखट. लकव्याच्या माणसाला आवाज सोसत नाही, असं कुणीतरी म्हणालंही होतं. त्याने जाऊन तिच्या कपाळावरून हात फिरवला, "बरं बरं, नाय करत तरास," म्हणाला, आणि शेडचं दार लावून घेतलं. लावलं ते मायेनेच लावलं. तेव्हापासून टिचक्या मारायचं काम दाराआड चालायचं.

मुलगी रत्नमाला पुण्याला एका कंपनीत होती. पहिला महिनाभर राहून गेली, आता रोज संध्याकाळी फोन. तिने परोपरीने सांगून पाहिलं होतं की घरी एक बाई लावू, आईचं सगळं करेल. कडुबाने मुळीच ऐकलं नाही. आंघोळ मी घालतो, भरवतो मी, वेणीसुद्धा घालतो, वाकडी का होईना. परक्या बाईने तिला हात लावायचा नाही. यात प्रेम किती आणि हट्ट किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

एकदा स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला होता, आणि रत्नमाला बोलता बोलता थांबली. "बाबा, आई काहीतरी म्हणाली."

"खाट करकरली असंल."

"खाट नाही बाबा. शब्दासारखं वाटलं."

"मी हितं चोवीस तास बसून हाय. ती बोलली आन मला कळणार नाय व्हय?"

"बाबा, ओरडू नका, मला ऐकू येतंय."

"आगं ओरडतंय कोण?" कडुबा म्हणाला, आणि नेटवर्कला दोष देऊन त्याने फोन ठेवला. हल्ली सगळेच पुटपुटत बोलतात अशी त्याची तक्रार होती. टीव्हीवरचे बातम्या देणारेसुद्धा.

तर चौथं पातं तुटल्यावर त्याने शिवी दिली नाही ती यासाठी, की शिवी कुणाला द्यायची ते त्याला आता पक्कं कळलं होतं. चारही पाती जोडावर तुटली होती. पात्याची पट्टी लांबलचक येते, ती मापाने तोडून तिची दोन टोकं जोडून वेटोळं करावं लागतं, आणि हा जोड मोंढ्याच्या बाजारामागच्या दुकानात बन्सी करायचा. बन्सी त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, एके काळी याच्याच हाताखाली शिकलेला. कडुबाने फोन लावला आणि त्याला असं धुतलं की विचारू नका. जोड कच्चे मारतोस, गिऱ्हाइकाच्या जिवावर उठलास, माझी बाई तिकडं झोपून हाय आन तू इकडं माझे दिवस खातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बन्सीने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाचवं पातं घेऊन स्कूटरवर स्वतःच आला. तोंड फुगलेलं होतं.

"जयभीम मिस्त्री. जोड माझा कच्चा निघाला तर आजपासून दुकान बंद. तुमच्यासमोर चढवतो."

शेडमध्ये पत्रा तापला होता. आत आल्या आल्या बन्सीने शेडचं खाटेकडचं दार सताड उघडलं, वारा यावा म्हणून. कडुबा म्हणाला, "लाव ते, तिला आवाज सोसत नाय." पण बन्सी तोवर आत जाऊन "वहिनी, जयभीम, कशा हायेत?" करून आला होता, आणि दार उघडंच राहिलं.

बन्सीने पातं चढवलं. मग मशीनच्या मागे जाऊन वाकला आणि तिथेच थांबला. वरच्या चाकाला वर रेटणारी एक जाड स्प्रिंग असते, पात्याला ताण देते ती हीच. तिने थोडं दबायचं असतं आणि थोडं मोकळं राहायचं असतं, म्हणजे पात्याला धक्का बसला तर ती झेलते.

"मिस्त्री, ही स्प्रिंग बघितली का?"

"का, काय झालं तिला?"

"पार मिटलीय. वेढ्याला वेढा चिकटलाय. पातं चढवायला सैल केली तरी उघडली नाय. किती कसत होते तुम्ही?"

"येतोय कुठं आवाज कसल्याबिगर? कस तू, मी वाजवतो."

बन्सीने हँडल फिरवलं. कडुबाने टिचकी मारली. "भद् करतंय. फिरव." बन्सीने फिरवलं. पुन्हा टिचकी. "फिरव अजून." बन्सीने आणखी अर्धा आटा दिला आणि मग हँडल सोडूनच दिलं.

"मिस्त्री, गंमत करता का माझी?"

"कसली गंमत?"

"कवाचं टणटण वाजतंय ते. तारेसारखं झालंय. अजून फिरवलं तर हे बी तुटणार."

"वाजतंय कुठं?" कडुबाने चिडून पुन्हा टिचकी मारली. "भद् तर येतंय."

बन्सी त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा फुगा उतरला होता आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं होतं, जे कडुबाला आवडलं नाही. मग तो अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलला.

"काय म्हणतो? नीट बोल की."

"जरा त्या भिंतीकडं तोंड करा म्हणलं."

"काहून?"

"करा तर."

कडुबाने भिंतीकडे तोंड केलं. समोर त्याची हत्यारं ओळीने टांगलेली होती. तो वाट पाहत राहिला. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तो त्याला ऐकू आला. मग काहीच नाही. "वाजव की," तो म्हणाला.

"वाजवलं, मिस्त्री. तीनदा."

कडुबा लगेच वळला नाही. पहिल्यांदा त्याला रागच आला, बन्सीचा. मग त्याला टीव्ही आठवला, पुटपुटणारे लोक आठवले, आणि फाउंड्रीतली एकतीस वर्षं, कानात कापूससुद्धा न घालता काढलेली. भद् येत होतं ते टिचकी मारणाऱ्या बोटातून, कानातून नव्हे. मशीनमध्ये काही बिघडलंच नव्हतं. नऊ दिवस तो खोलून खोलून बिनदोष लोखंड तपासत बसला होता आणि बिघाड होता त्याच्या डोक्याला दोन बाजूंनी चिकटलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एरवी दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तो पोट धरून हसला असता.

"वय झालं," तो कसाबसा म्हणाला. "कर तूच. तुझ्या कानानं कर."

बन्सीने हँडल उलटं फिरवून सगळा ताण काढला आणि स्प्रिंगला पान्याच्या दांड्याने हळूहळू मोकळं केलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली. थोडं फिरवायचं, टिचकी. थोडं फिरवायचं, टिचकी. कडुबा बाजूला उभा राहून नुसता त्याचा हात पाहत होता. सातव्या की आठव्या टिचकीला बन्सीचा हात थांबला. त्याने दाराकडे पाहून मान डोलावली आणि म्हणाला, "बरं वहिनी."

"कुणाला बरं म्हणतो?"

"वहिनींला. त्या बास म्हणल्या ना."

कडुबाने एकदा दाराकडे पाहिलं आणि एकदा बन्सीकडे. बन्सीला त्या दोघांची ती जुनी रीत ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. तो दुकानात असायचा, इथे कधी बसला नव्हता.

"ती बोलत नाय," कडुबा म्हणाला.

"आत्ता बोलल्या की."

"बन्सी, ती बोलत नाय. पाच म्हैने झाले. दवाखान्यात विचार."

बन्सीने वाद घातला नाही. त्याने पातं पुन्हा सैल केलं, पुन्हा थोडं थोडं कसत आणलं, आणि या वेळी कडुबा दारात जाऊन चंपाबाईकडे पाहत उभा राहिला. टिचकी. तिचा डावा हात खाटेच्या पट्टीवर होता. टिचकी. ती बन्सीच्या हाताकडे नाही, कडुबाकडे पाहत होती. टिचकी. तिचे ओठ हलले. वाकड्या तोंडाचे, एका बाजूने, पण स्वच्छ हलले, मिटले आणि उघडले. कडुबाला काही ऐकू आलं नाही. मागून बन्सी म्हणाला, "ऐकलं का? त्याच जागेला बास."

कडुबा जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसला. ती पट्टी बडवत होती ती आवाज सोसत नाही म्हणून नव्हे. हा मूर्ख पातं तोडतोय हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ती बास म्हणत होती आणि हा आणखी कसत होता. आणि मग याने उठून मायेने दार लावून घेतलं होतं.

"बन्सी," तो म्हणाला, "हिकडं ये. अजून काय म्हणती का बघ."

बन्सी फडक्याला हात पुसत आला आणि खाटेशी उकिडवा बसला. कान तिच्याजवळ नेला. बराच वेळ तसाच राहिला.

"लई पुसट हाय. दार म्हणत्यात."

"अजून?"

"दारच." मग थोडं थांबून, "अवं."

"काय?"

"अवं म्हणत्यात. मला नाय म्हणत, तुमच्याकडं बघून म्हणत्यात. सारखं अवं, अवं."

लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली होती आणि चंपाबाईने त्याला दुसरी हाक कधी मारली नव्हती. गावाकडे पिशोरच्या घरातून पाण्याला निघताना अवं, गर्दीत मागे पडल्यावर अवं, भांडण संपवताना अवं. ती हाक त्याच्या घरात अजून चालू होती. तो शेडमध्ये असताना, भरवताना, तिची वाकडी वेणी घालताना. तिने किती वेळा मारली असेल आणि आपण कितीदा तिच्या अंगावरून जाऊन रबराच्या पट्ट्या खरवडत बसलो! ओ मिळाली नाही की माणूस बोलायचं सोडून देतं, हे मॅडमने याला सांगितलं होतं. हा तर तिचा साक्षीदार म्हणून दवाखान्यात उभा राहिला होता, आणि दर वेळी ठासून सांगत होता, हूं नाय का चूं नाय. त्याच्या शब्दावर फाइल मिटली होती.

त्याने तिथे बसल्या बसल्याच तनुजा मॅडमला फोन लावला. "मॅडम, ती बोलती," एवढंच ओरडून म्हणाला. पलीकडून काहीतरी आलं. त्याने फोन कानावर दाबला, मग दुसऱ्या कानावर दाबला आणि शेवटी बन्सीच्या हातात दिला. बन्सी हूं हूं करत ऐकत राहिला.

"कधीपासून बोलत्यात, विचारतात."

कडुबाने मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं. जगात एकटा तोच तिच्याजवळ होता आणि त्यालाच ठाऊक नव्हतं.

बन्सीने फोन ठेवून मोठ्या आवाजात, शब्द तोडून तोडून सांगितलं की उद्या सकाळी दोघांनी यायचं, तुमच्या कानाची पण तपासणी करू म्हणाल्या. "आन गेलेल्या म्हैन्यांचं काय?" कडुबाने विचारलं. "ते काय बोलल्या नाय," बन्सी म्हणाला.

जाण्याआधी बन्सीने मशीन चालू केलं आणि सागवानाची फळी लावली. पातं पेन्सिलीच्या रेघेवरून निमूट वळत गेलं, कुशीचं वळण, मग काखेचं. कापलेली बाजू त्याने आणून खाटेशी टेकवून ठेवली. बरोबर मापाची होती. कडुबाने ती पाहिली न पाहिली. "बरी झाली," म्हणाला, आणि बन्सी स्कूटर घेऊन गेला.

मग घरात दोघंच राहिली. कडुबाने स्टूल ओढलं, तिच्या तोंडाशी वाकला आणि उजवा कान पुढे केला. "बोल," तो म्हणाला.

कानावर तिचा ऊन श्वास आला. तुटला, पुन्हा आला, पुन्हा तुटला. ती काहीतरी म्हणत होती, एवढं श्वासाच्या तुकड्यांवरून कळत होतं. त्याने पाणी आणलं. तिने तोंड फिरवलं. त्याने उशी वर केली, तिने डोळे मिटून घेतले. चादर काढली, घातली. मग पुन्हा वाकला, आता डावा कान पुढे करून, आणि अंदाजाने म्हणाला, "व्हय."

चंपाबाईने डोळे उघडले. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पोर खोटं बोलतंय हे आईला कळावं तसं. मग तिचा डावा हात खाटेवरून उचलला गेला, त्याच्या चेहऱ्याशी चाचपडला, आणि तिने त्याचा कान पकडला. चांगला घट्ट, दुखेल इतका. तो ओढून तिने आपल्या ओठांना टेकवला आणि जे सांगायचं होतं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. कडुबा वाकून, श्वास रोखून ऐकत राहिला, आणि त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.